तीन मुठी सरकी

नाही मॅडम, खाटेवरच बसा, खाली सारवण ओलं आहे — अन् मी काय सांगून राह्यली होती? हां, आमच्या घरी कोणी येत नाही. राळेगावच्या बसनं फाट्यावर उतराचं, मंग वावरातून पायी — इथं कोण कायले येईल? तुमी आल्या, त्या कंपनीच्या म्हणून. बियाण्याच्या प्लॉटवर बाहेरच्याले पाय ठेवू द्याचा नाही, हे आमाले पाठ आहे. तुमी ज्याले सकाळपासून हापिसात बसवून ठेवलं न, त्या मारोतरावनं — नयनच्या बाबांनी — सख्ख्या साळ्याले धुऱ्यावरून, बांधावरूनच परत पाठवलं होतं. माझ्या भावाले! मी दोन दिवस बोलली नाही त्यांच्याशी. असा राखणदार नराचं बियाणं दुसऱ्या कंपनीले देईल? संकरित बियाण्यासाठी मादीच्या फुलाले नराचं फूल आमीच बाया घासतो, मादी कोणती ते साऱ्या तालुक्याले माहीत, नर कोणता ते फक्त तुमाले — म्हणून तर नराचा कापूस तुमी सारा भरून नेता.

सारा म्हणजे — साराच हो. मातीत पडलेली बोंडं कोण उचलते? औंदा आमच्या वावरात अळीनं काही ठेवलं नाही, तान्ह्या नयनच्या डोक्याखाली उशी नव्हती, म्हणून प्लॉटातली थोडी वेचली. सरकी काढून ठेवली वाटीत. गुन्हा आहे का तो?

कोण बाई? अशी कोणी — बरं, तिची गाडी पाह्यली का कोणी. तिले बाहेरची म्हणाचं का? शोभाताई. पोरीले पाहाले आलती, झबलं-टोपरं घेऊन. पोरगी दूधच ओढत नव्हती हो, तोंड फिरवे, मी नुसती रडे. माय तिकडं मारेगावले, सासू नाही — त्या बाईनं मांडीवर घेऊन दाखवलं कसं धराचं. ‘तू जेवली काय वं?’ म्हणे. मले किती दिवसांनी कोणी विचारलं! तुमीही आल्या मॅडम, पण तुमी पहिले सरकीचंच विचारलं.

जाताना कुंकू लावलं. ओटी भराले गेली, तर तांदळाचा डबा रिकामा. म्हणे, वाटीत आहे तेच टाक. म्हटलं, सरकीनं कोणी ओटी भरते काय, ताई? तर म्हणे, कापूसवाल्याचं धान्य तेच, बाई! हसलो दोघी. टाकली एक मूठ. मंग म्हणे, नराचीच ना? मी म्हटलं, हो.

हो म्हटलं खरं. ओटीत काय पडलं, ते कोणती सुवासिन विचारते? समजलं न मले तवाच, ही दुसऱ्या कंपनीसाठी आली ते. पण पदर पसरलेला. पसरलेल्या पदरातून मागं कसं घ्याचं? — नाही, एक मूठ नाही. एका मुठीनं ओटी भरत नाहीत. तीन टाकल्या.

नयनच्या बाबांना नाही माहीत हे. ते धुऱ्यावर होते. माझं नाव लिहा, पण त्यांना आत्ताच घरी पाठवा, पोरगी दुसऱ्या कोणाच्या खांद्यावर झोपतच नाही —

निघाल्या? थांबा, कुंकू लावते, तशा नका जाऊ. ओटी नाही भरत. या आता.