तिन्ही फिल्टर दे

त्या दिवशी ऊन असं होतं, की रस्त्याचं डांबर वितळून राहिलं होतं. शेजारच्या रामदासची मोटारसायकल मिस्त्रीनं अंगणात उघडून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी रामदासच्या पोरीची नर्सिंगची परीक्षा, आणि ती याच गाडीनं जाणार. रामदासचा पाय प्लास्टरात, म्हणून ऑइल फिल्टर आणायला गोंदियाला मी गेलो. नमुन्याला दिलेला जुना फिल्टर नेमका बसमध्येच विसरलो.

दुकानदारानं सारखेच दिसणारे तीन फिल्टर पुढं ठेवले. “चाचा, कौनसा?”

“मले का समजते, बाबू? एकाचे पैसे घे, पन तिन्ही दे. जो बसंल तो ठेवतो, दोन उद्या वापस पाठवतो.”

“ले जाओ.”

त्यानं ना नाव विचारलं, ना गाव. अनोळखी माणसाचा एवढा भरवसा असाच कसा घ्यायचा? मी चपला काढून तारण म्हणून त्याच्या काउंटरपाशी ठेवल्या आणि निघालो. “अरे चाचा, चप्पल!” तो ओरडत राहिला, पण माझी बस सुटत होती.

आमच्या दवनीवाड्याला उतरून घरापर्यंत अनवाणी चालत आलो. मिस्त्रीनं बसवलेला तिसरा फिल्टर बरोबर बसला. गाडी सुरू झाली, पोरगी हसली. रामदास मात्र माझ्या तळव्यांचे फोड पाहत होता. म्हणाला,

“फिल्टर तं दुकानात भेटते, काका. तुमचे पाय मी कोनत्या दुकानातून आनू?”