दुसऱ्याच फायकसबद्दल पुरवणी जबाब

नाव पहिल्या जबाबात लिहिले आहे तेच. सगळे मला टेलरमास्तर म्हणतात. वय ६३ वर्षे, धंदा शिवणकाम, राहणार स्वतःच्या दुकानावरची खोली, जिना मागच्या बाजूने.

समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, मी वरील ठिकाणी एकटा राहतो. पत्नी चार वर्षांपूर्वी वारली. मुलगी दोन गल्ल्या सोडून दिलेली आहे. तिचे सासरे, म्हणजे माझे व्याही, निवृत्त वायरमन आहेत. मला बोन्सायचा नाद आहे. चोरीस गेलेले झाड फायकस जातीचे, उंची सव्वा फूट, वय सव्वीस वर्षे. ते मी व पत्नीने एका काडीपासून वाढवले. त्याची डावीकडची सर्वांत खालची फांदी पत्नीने तार गुंडाळून वळवली होती. ती बाहेर जाऊन परत खोडाकडेच येते. प्रदर्शनातले परीक्षक दरवर्षी तिच्यापायी गुण कापतात. मी ती फांदी छाटलेली नाही.

दिनांक ३ रोजी मला थोरल्या भावाच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी सहा दिवस परगावी जायचे होते. आदल्या संध्याकाळी मी व्याह्यांना झाड दाखवले, किल्ली दिली व रोज दोन वेळा पाणी घालण्यास सांगितले. त्या वेळी झाडावर भरगच्च पाने होती. व्याही म्हणाले, यात काय एवढं, निर्धास्त जा.

सकाळी निघायला अर्धा तास होता. रिकामे बसवत नाही म्हणून मी दोरे कापायची बारीक कात्री घेतली आणि झाडाची सगळी पाने देठ ठेवून कापली. प्रदर्शनाआधी असे करावे लागते. मग येणारी नवीन पाने लहान येतात व छोट्या झाडाला शोभतात. कापलेली पाने मी जाता जाता कचऱ्याच्या गाडीत टाकली. हे व्याह्यांना सांगायचे राहिले. पहिल्या जबाबातही मी हे सांगितले नाही, कारण तोपर्यंत ही माझी चूक आहे हे माझ्या डोक्यात आले नव्हते.

दिनांक ९ रोजी परत आलो तर खिडकीत हिरवेगार झाड उभे होते. सहा दिवसांत इतकी पाने फुटत नाहीत, काय वाट्टेल ते करा. ट्रे निळाच होता, पण माझ्या ट्रेच्या कोपऱ्याचा टवका उडालेला आहे, याचे चारही कोपरे शाबूत होते. मी विटांची बारीक खडी घालतो. इथे कोणीतरी माती थापून भिंतीला गिलावा करावा तशी गुळगुळीत केली होती. झाड माझे नव्हते.

मी व्याह्यांना फोन केला. ते लगेच आले. स्कूटरवरून ठाण्यात मला त्यांनीच आणले. मी ते झाड मांडीवर घेऊन मागे बसलो होतो. वाटेत ते एक अक्षर बोलले नाहीत. मला वाटले, माझ्या दुःखात सामील आहेत. तक्रार लिहिताना हवालदारसाहेबांनी विचारले की, एक हिरवं झाड गेलं, एक हिरवं झाड आलं, मग तुमचं नक्की गेलं काय? त्यावर मी आवाज चढवला, त्याबद्दल दिलगीर आहे. झाड ठाण्यात जमा झाले तेव्हा व्याह्यांनी पंच म्हणून सही केली. सही करताना त्यांना दरदरून घाम फुटला होता. पंखा बंद असल्याने मला त्यात विशेष वाटले नाही. जाताना त्यांनी तो पंखा दुरुस्त करून दिला.

आज दिनांक १३ रोजी मी तपासाचे विचारायला आलो. जमा केलेले झाड खिडकीत होते, हवालदारसाहेबांनी त्याला पाणी घातले होते. मी ते प्रथमच शांतपणे पाहिले. त्याचीही डावीकडची खालची फांदी खोडाकडे वळवलेली होती. तार बोन्सायची नव्हती, केबलमधून सोललेली तांब्याची होती, टोके दुमडून त्यावर काळी टेप. माझ्या शिलाई मशीनच्या मोटरची वायर जोडणारा हात हाच. मी कोणाला काही न सांगता उठलो.

माझी मुलगी त्या घरात नांदते. तक्रारीत तिच्या सासऱ्यांचे नाव गेले तर तिने कोणाच्या तोंडाकडे पाहायचे, हे मला कळत होते. पण झाड मेलेले असले तर मी गप्प कसा बसणार, हेही कळत होते. ठाण्यापासून व्याह्यांच्या घराचा रस्ता दहा मिनिटांचा आहे. मला पाऊण तास लागला.

दार मुलीने उघडले. तिची वेगळीच कटकट होती. नऊ दिवस न्हाणीघर बंद, गीझरमध्ये करंट येतो म्हणे, घरात वायरमन असून सगळ्यांच्या आंघोळी मागच्या अंगणात पडदा लावून. मी न्हाणीघराची कडी काढली. आत स्टुलावर टवका उडालेला ट्रे, त्यात माझे झाड, वरून पारदर्शक प्लास्टिक, शेजारी उबेला दिवा. प्रत्येक फांदीवर नवीन पाने होती, शर्टाच्या गुंडीएवढी.

व्याही मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "पहिल्याच दिवशी माझा पाण्याचा खाडा झाला हो. दुसऱ्या दिवशी गेलो तर झाडावर एक पान नाही. तुम्हाला काय तोंड दाखवणार होतो?"

मी त्यांना कात्रीचे सांगितले. ते उपड्या बादलीवर बसले. मग चिडले. सात रोपवाटिका पालथ्या घातल्या, जेवण गोड लागेना, आणि एवढा उपद्व्याप करून तुम्ही चकार शब्द बोलला नाहीत, असे म्हणाले. त्यानंतर आम्ही दोघे हसू लागलो. मुलगी विचारत होती, पण आम्हा दोघांपैकी कोणालाच तिला सांगता येईना. किती वेळ हसलो याची नोंद नाही. इतका मी चार वर्षांत हसलो नव्हतो.

मी त्यांना विचारले, बदली झाड आणलेत ते आणलेत, त्या एका फांदीवर तार कशाला गुंडाळत बसलात?

ते म्हणाले, "झाड बाजारात मिळतं. ती फांदी विहीणबाईंची होती."



सबब, माझे झाड सुखरूप असून माझी कोणाविरुद्ध काहीही तक्रार नाही. ठाण्यात जमा असलेले झाड व्याह्यांच्या ताब्यात मिळावे. त्याच्या मातीची दुरुस्ती मी करून देईन, तार मात्र राहील. दिनांक २८ च्या प्रदर्शनात आम्ही दोन्ही झाडे शेजारी शेजारी ठेवणार आहोत. परीक्षकांनी दोन्हींचे गुण कापावेत.

लिहिलेले सर्व मला मोठ्याने वाचून दाखवले. रोपवाटिका सात नसून नऊ होत्या, असे शेजारी बसलेल्या व्याह्यांचे म्हणणे आहे व ते मला मान्य आहे. बाकी मजकूर मी बोललो तसाच उतरला आहे.