कलमांची भवानी

१९८२ सालची दुपार. नाशिक रोडच्या बसच्या रांगेत माझ्यापुढे एक फूलवाली आणि बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेली तिची लेक उभ्या होत्या. विकल्या गेलेल्या शेवंतीचा गंध रिकाम्या पाटीत मागे राहिला होता.

"आई, नोकरीचा अर्ज मी भरला नाही. गुलाबाच्या कलमांची रोपवाटिका काढते."

"हे खूळ कॉलेजात शिकवलं का?"

"कॉलेजात कलम बांधायला शिकवलं. खूळ तुला बघून लागलं."

"माझं काय बघितलं? उन्हात कातडं करपलं माझं."

"पण कुणाकडे सुट्टी मागताना तुला कधी बघितलं नाही."

"लय बोलती. रोपं कुणी घेतलीच नाय तर?"

"तर पुढच्या वर्षी अर्ज भरीन."

"मंग भवानी माझ्या हातची. पहिली दहा रोपं मीच घेईन."

"तुला फुकट देईन."

"भवानीलाच फुकट? मंग तू नोकरीच कर, बाई."