झारच्या सुनेचा मुकुट

वॉशिंग्टनच्या एका म्युझियममध्ये रशियन राजघराण्याच्या दागिन्यांपुढे रांग होती. माझ्यापुढे एक सासू-सून मराठीत बोलत होत्या.

“वैदेही, बोर्डवर काय लिहिलंय गं?”

“झारच्या घराण्यातल्या नवऱ्या लग्नात हा मुकुट घालायच्या, आई. लग्न लागलं की परत खजिन्यात.”

“म्हणजे सुनेला द्यायचे नाहीत?”

“नाही. नुसता मिरवायला.”

“राजे म्हणे. असा रेंटवर सेट तर तुमच्या त्या आयसेलिनच्या देशी दुकानातही मिळतो. बुडाले तेच बरं झालं.”

“हो ना.”

“आमच्यात सूनमुख बघताना सासू गळ्यात घालते, ते कायमचं. तुला नाही घातला मी चपलाहार?”

“घातलात की. फोटोत आहे.”

“फोटोत म्हणजे?”

“कार्यालयातून निघायच्या आधी काढून घेतलात ना. बारा वर्षं पुण्याच्या लॉकरमध्ये आहे.”

“तो सांभाळायला घेतला गं. तुम्ही इथे कुठे ठेवणार होतात?”

“बोर्डवर त्यांनीही तेच लिहिलंय, आई. सांभाळायला.”

“चल पुढे. हिरेसुद्धा पिवळट आहेत मेले.”