मनीपुरती वायर

नेकनूरहून बीडला निघालेल्या बसमध्ये पुढच्या सीटवर नवराबायको बोलत होते.

“सरू, मांजराची केसं ओढायचं मशीन बॅटरीवालंच घेऊ.”

“न्हाई, वायरवालं. बॅटरीवालं घेतलं तर तुमी मनीच्या मागं गल्लीभर पळताल.”

“बरं. पिशवीचं का बिनपिशवीचं?”

“बिनपिशवीचं. डबा आरपार दिसला पाहिजे. चुकून पिल्लू आत गेलं तर कळाया नको?”

“वायर पाच मीटर हाय म्हणं. समदं घर होतंय.”

“समदं? मग मनीनं बसायचं कुठं? दुकानदाराला म्हणा, चुलीच्या अलीकडं संपंल एवढीच वायर द्या.”

“अगं, ती केसं गाळती ती चुलीपाशीच!”

“मग तिथं झाडू हाय की.”