नारूचं गणित

(जून १९४४. मुरुमजवळचं खेडं. इरम्माच्या ओसरीवर शाळेचे सिद्रामप्पा गुरुजी वही घेऊन आलेत.)

इरम्मा : ...बसा म्हन्ते ना! मागल्या साली ह्याच ओसरीवरनं हाकललं तुमाला. आज ताक पिल्याबिगर सोडायची न्हाय.

गुरुजी : तुमची चूक नव्हती, अव्वा. माझ्या सांगण्यावरून बारवेच्या पायऱ्या बुजवल्या, वर रहाट बसवला, तरी गावात सत्त्याऐंशी जणांना नारू. कुणाचंही डोकं फिरंल.

इरम्मा : माज्या सुनंच्या, शिवकांताच्या, एका पायातनं तीन नारू निगाले. ती बाजंवर वरडायची, अन् म्या तुमच्या नावानं बोटं मोडायची. बारवंच्या पायऱ्या बुजवल्याली भिंत पाडाया पहार उचलली हुती म्या. पर तहसीलदारसाहेबानं पायऱ्या बुजवायचा हुकूम काय मागं घेतला न्हाय. का, ते आजून कळंना.

गुरुजी : माझ्या अर्जामुळं. नारूवाला पाण्यात पाय बुडवतो, तेच पाणी गाव पितं, अन् वर्षानं दोऱ्यासारखा नारूचा किडा कातडीतनं बाहेर येतो. तीन सालं मी घरोघर मोजलं. आठ, मग अठरा, मग चाळीस. दर साली सव्वादोनपट. म्हणून लिहिलं, पायऱ्या आज बंद केल्या तरी पुढच्या उन्हाळ्यात नव्वद निघतील. ते आधीच पोटात गेलेत. तेव्हा डगमगू नका, त्याच्या पुढच्या साली नारू राहणार नाही.

इरम्मा : अन् निगाले सत्त्याऐंशी.

गुरुजी : व्हय. साहेब म्हणाले, मास्तरचा वाईट आकडा खरा ठरला, आता चांगल्यावरही भरोसा ठेवू.

इरम्मा : मंग यंदा किती?

गुरुजी : दोन. दोघंही परमुलखात राबून आलेले.

इरम्मा : महादेवा! लई उपकार झाले, गुरुजी.

गुरुजी : तुमचेही झाले.

इरम्मा : माजे? पहार उचलल्यालीचे?

गुरुजी : मागच्या साली कितीक घरांनी दुखणं लपवलं. तुम्ही शिव्या देत का होईना, घरातले तिघं सांगितले. वर शेजारचे दोघं दाखवले. आकडे खोटे पडले असते तर हुकूमही पडला असता.

इरम्मा : नका लाजवू आता. घ्या, ताक घ्या.

गुरुजी : शिवकांताला हाक मारा की. पाय बघतो, वहीत लिहितो.

इरम्मा : आता कुटं घावती ती! तांबडं फुटायला पेरणीला गेली. चालत.