बेरियमचे चार

आदरणीय अध्यक्ष रघुपतीराव, आजचे सत्कारमूर्ती आमचे बिंदुमाधव सर, त्यांच्या शेजारी बसलेल्या अनुसूयाअक्का, आणि मंडळाच्या सभागृहात जमलेल्या बंधुभगिनींनो, वसुमतीचा सर्वांना नमस्कार.

सर कॉलेजातून निवृत्त झाले. त्यांच्याविषयी बोल, पण रसायनशास्त्र आणू नकोस, असं अध्यक्षांनी मला बजावलंय. जमेल का हो ते?

गोष्ट सत्तावन्न सालची. वर्गात अडतीस मुलगे आणि मी एकटी मुलगी... सर, बोट का वर केलंत? अठ्ठावन्न? बरं बाई, अठ्ठावन्न!

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ठरवलं होतं की इंटरनंतर शिक्षण बंद. होसकोट्याचं स्थळही आलं होतं. मला शिकायचं होतं, पण घरात बोलायची छाती नव्हती.

त्या दिवशी सर फळ्यावर ऑक्सिडेशन नंबर काढत होते. संयुगातल्या सगळ्यांची बेरीज शून्य यायला हवी, एवढाच हिशेब. बेरियम पेरॉक्साइडमधल्या दोन्ही ऑक्सिजनना सरांनी सवयीनं उणे दोन दिले आणि बेरियमच्या गळ्यात अधिक चार घालून मोकळे झाले! अहो, बेरियम कायम अधिक दोनच. पेरॉक्साइडमध्ये ऑक्सिजनच उणे एक असतो. मी उभी राहिले. "सर, बेरियम चार कसा?"

सर म्हणाले, "स्वल्प थांब... अगं, खरंच की!" आणि खडू माझ्या हातात दिला. चूक पकडणाऱ्यानं ती दुरुस्त करून खाली सही करायची, ही सरांची पद्धत. त्या फळ्यावर तोवर एकाही मुलीची सही झाली नव्हती.

संध्याकाळी सर सायकलवरून चिकपेटेत आमच्या कापडाच्या दुकानात हजर! "तुमच्या मुलीनं आज भर वर्गात माझी चूक काढली."

अण्णांनी हातच जोडले. "पोर आहे, माफ करा."

"माफ काय करायचं? तिला घरी बसवलीत तर उद्या माझ्या चुका कोण काढणार?"

अण्णा बराच वेळ एकाच साडीची घडी घालत राहिले. मग म्हणाले, "सरी, बरं. शिकू दे." होसकोट्याला नकार कळवला गेला.

सोमवारपासून सरांचा तो वर्ग मी घेणार आहे. सर, मला भीती वाटतेय, आणि आनंद तर मावत नाहीये.

मंडळाचे आणि आपण सर्वांनी इतकं ऐकून घेतलंत त्याबद्दल आपले मनापासून आभार. आता चुकल्यामाकल्याची क्षमा मागायची रीत आहे. पण ती मी मागणार नाही. सर, सोमवारी येऊन पहिल्या बाकावर बसा, आणि मघाशी केलंत तसं बोट वर करा.